हासेलरीडची शिरगणती

हासेलरीड जर्मनीत, रेगेन्सबर्गपासून बसनं पाऊण तासावर. एक रस्ता, एक तळं, एक चर्च आणि एक बेकरी, तीही बंद. फायर ब्रिगेडच्या शेडबाहेर पाटी आहे, तिच्यावर गावाचा सगळा इतिहास उरकून टाकलाय: सातशे वर्षांपूर्वी वसलं, तीस वर्षांच्या युद्धात ओस पडलं, पुन्हा वसलं, आज वस्ती एकशे बारा. बस्स. घरांचे नंबर मात्र वेड्यासारखे. ज्या क्रमानं घरं बांधली त्या क्रमानं नंबर, म्हणून तीनच्या शेजारी चाळीस.

भाडं कमी म्हणून आम्ही इथं आलो. माझा नवरा हृषिकेश रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. मी बारावी पास, घरी. दिवसभर गावात मीच असते, तेव्हा या गावाबद्दल मला कुणी शहाणपण शिकवू नये. भुताखेतांच्या गोष्टींचा मला कंटाळा आहे, हेही आधीच सांगते.

२००७च्या जानेवारीत सासरे आले. अप्पा फलटणचे निवृत्त मास्तर. सरकार मास्तरांना शिरगणतीला जुंपतं, तसं त्यांनाही जुंपलं होतं, तीन वेळा. बाकीचे मास्तर पारावर बसून आकडे भरायचे. अप्पा टेकडीवरच्या शेवटच्या झोपडीपर्यंत जायचे, डोकी मोजायचे, दारावर गेरूनं नंबर घालून यायचे.

इथं जानेवारीच्या सुरुवातीला मुलं राजांचे मुकुट घालून घरोघर गातात आणि चौकटीवर खडूनं साल लिहून जातात. ती अक्षरं पाहून अप्पांचा चेहरा उजळला.

"इथं शिरगणती चालू आहे की गं!"

"अप्पा, ते देवाचं आहे."

"देवाचं का असेना, डोकी कुठायत? अर्धवट काम."

दुसऱ्या दिवसापासून ते खिशात खडू टाकून बाहेर पडायला लागले. जर्मनचा गंध नाही. दार वाजवायचे, बोटं दाखवायचे, समोरचा हसून बोटं दाखवायचा. सालाखाली अप्पा बारीक मराठी आकडा लिहायचे. आमच्या दारावर तीन. कुणी तक्रार केली नाही. शेजारची फ्राऊ त्सोलनर तर त्यांना केक खाऊ घालायची.

"सतरा नंबरात सात माणसं," एकदा जेवताना अप्पा म्हणाले. "म्हातारी फार खोकते बिचारी. हृषी, तुझं ते खोकल्याचं औषध उद्या नेऊन देतो."

हृषिकेशचा घास हातातच राहिला. सोळा नंबर तळ्याकाठी आहे, अठरा नेमका त्याच्या पुढं. मध्ये कुरण. सतरा गावात कुठंच नाही.

अप्पा झोपायला गेल्यावर तो माझ्याकडं वळला. "गेनाऊ, अगदी हीच भीती होती मला. सुनेत्रामावशीनं पुण्यात एक आश्रम बघून ठेवलाय. त्यांचं परतीचं तिकीट अलीकडचं करतो. तिथं डॉक्टर असतात."

"आणि बाहेरून कुलूप असतं."

"ऊर्मिला, त्यांना नसलेलं घर दिसतंय!"

"तू बघायला गेलास का? नाही ना? मग तोंड चालवू नकोस." भांडं मी जरा जोरातच आपटलं. "रविवारपर्यंत थांब. गणती चुकली असेल तर पाठव. नसेल, तर अप्पा फलटणला स्वतःच्या घरी राहतील आणि आश्रमाचं नाव या घरात पुन्हा निघणार नाही."

"आणि तू हे सिद्ध करणार?"

"करणारच."

मी अप्पांच्या मागोमाग सगळं गाव पुन्हा मोजलं. गाईंच्या गोठ्यामागं राहणारा गडी त्यांनी सोडला नव्हता. एका घरात मला दोन माणसं दिसली, अप्पा तीन म्हणाले; तिसरं पाळण्यात झोपलं होतं. सतरा वगळून बेरीज आली एकशे तेरा. अप्पा पाहुणे, ते सोडले की पाटीवरचे एकशे बारा. एक डोकं इकडचं तिकडं नाही.

असा माणूस सात डोकी हवेत मोजेल? मी फ्राऊ त्सोलनरला सरळ विचारलं, सतरा कुठंय?

"आल्झो," ती म्हणाली, म्हणजे आपलं 'तर काय', आणि दाराची मूठ धरली. मग म्हणाली, "ते आम्ही मोजत नाही."

"घर नाहीये, की तुम्ही मोजत नाही?"

तिनं दार लावून घेतलं.

शनिवारी भर दुपारी मी अप्पांबरोबर कुरणावर गेले. घोट्यापर्यंत बर्फ होतं. मी कुंपणाशी थांबले. अप्पा मध्यावर जाऊन उभे राहिले. पायपुसण्यावर पुसावेत तसे त्यांनी बूट पुसले.

"किती माणसं घरात?" त्यांनी मराठीतच विचारलं, मान तिरकी करून ऐकून घेतलं आणि हात वर करून हवेत लिहिलं.

खडूचा आवाज आला. लाकडावर खडू ओढल्याचा, कोरडा. वारा नव्हता, मला चांगलं ऐकू आलं.

मग अप्पांनी पाय उंच उचलला, ठेंगण्या दारातून जाताना वाकतात तसे वाकले आणि आत गेले. आत म्हणजे काय, मला ते दिसतच होते. बर्फात बसल्यासारखे बसले होते, पण बर्फाच्या वीतभर वर.

परत आले तेव्हा कोटाला धुराचा वास होता. बूट कोरडे होते.

"आठ," ते म्हणाले.

"सात होते ना?"

"एक वाढलं."

"कोण, अप्पा?"

"माणूस जिथं सापडेल तिथं मोजायचा, सूनबाई. दोनदा नाही."

घरी आलो. आमच्या दारावरचा तीन त्यांनी बाहीनं पुसला आणि दोन लिहिला.

तो मी पुसून पुन्हा तीन केला. अप्पा बघत राहिले.

रविवारी सकाळी त्यांचं अंथरूण घडी घातलेलं होतं. कोट नव्हता. दारावर दोन होता.

मी आणि हृषिकेश धावत कुरणावर गेलो. पावलं मध्यापर्यंत गेली होती. पुढं सपाट बर्फ.

"अप्पा!" हृषिकेश ओरडत पुढं गेला, घसरला, तोल सावरायला त्यानं हात पुढं टाकला.

हात टेकला.

समोर काही नव्हतं, आणि माझा नवरा त्याला टेकून उभा होता. त्यानं हात काढून घेतला. तळव्यावर खडूचा आकडा उमटला होता. मराठी आठ, उलटा.

"अप्पा चुकले नव्हते," मी म्हणाले.

तो लहान पोरासारखा रडायला लागला. रडत बसायला वेळ नव्हता. दार कुठं आहे ते आता कळलं होतं. मी बूट पुसले नाहीत. मूठ आवळली आणि वाजवलं.

लाकूड वाजलं.

"किती माणसं घरात?" आतून अप्पांनी विचारलं. मोजतानाचा आवाज, सगळ्यांशी सारखा.

"तीन!" मी ओरडले. "आमच्या घरात तीन माणसं आहेत! तीन लिहा. तीन झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

आत कुजबुज झाली. बाक सरकला.

"बरं," अप्पा म्हणाले.

खडू ओढल्याचा आवाज आला. मी पुन्हा मूठ मारली, ती हवेतून पार गेली.

घरी पोचलो तेव्हा दारावर तीन होता. अप्पांच्याच वळणाचा. चौकटीखाली खडूची भुकटी अजून ताजी.

"आले!" हृषिकेश मला ढकलून आत धावला. "अप्पा!"

अप्पांच्या खोलीत पलंग कुरकुरला. कुणीतरी खोकलं.

म्हाताऱ्या बाईचा खोकला होता.