एकोणसाठावं मिनिट

'सात बटणं' या फ्रेंच चित्रपटाबद्दल पुण्यातल्या समीक्षकांचं एकमत झालं होतं: खुनी हुशार, तपास अधिकारी कंटाळवाणा. सुनेत्रा गुर्जरने दोन स्टार दिले आणि शेवटी लिहिलं, 'प्रत्येक प्रेताच्या कोटाला नवं बटण शिवणारा हा खुनी एकदाही घाबरवत नाही.'

चार वाजता पुरवणीचे संपादक तांबोळी तिच्या टेबलाशी आले.

"बाई, खोटं कोण बोलतंय? तुमचं परीक्षण की तुमचं मनगट?"

परीक्षणाशेजारी समीक्षकाची भयरेषा छापायची पद्धत दोन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. स्टार ओळखीपाळखीने वाटले जातात, असा वाचकांना संशय होता. म्हणून पत्रकारांसाठीच्या खेळाला समीक्षक मनगटावर स्पंदनपट्टी बांधत. ती नाडी आणि घाम मोजून आलेख काढी. आलेखाला हात लावायचा नाही, असा सगळ्या दैनिकांचा करार होता.

सुनेत्राची रेषा जवळजवळ सपाट होती. एकोणसाठाव्या मिनिटाला मात्र ती चौकटीच्या वरच्या कडेला टेकली होती.

"काय होतं तेव्हा पडद्यावर?"

"काहीच नव्हतं," ती म्हणाली. "मध्यंतर होतं."

घोटाळा लगेच उलगडला. आपल्याकडच्या चित्रपटाच्या फाइलमध्ये मध्यंतराची खूण असते. ती आली की पट्टी आपोआप थांबते. फ्रेंच चित्रपटाला मध्यंतरच नसतं. थिएटरवाल्यांनी तो सवयीने मधेच थांबवला, आणि पट्ट्या मोजत राहिल्या.

"बाकीच्यांच्या रेषा तिथे खाली आल्यात. बटाटावडा खाताना कोण घाबरतं?" तांबोळी हसले. "तुम्हाला काय, झुरळ दिसलं?"

तिला आठवत होतं. नवरा सोबत आला होता. श्रीनिवासने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला, कॉफीचा कप पुढे केला आणि म्हणाला, "साखर कमी घातलीय." एवढंच. एकवीस वर्षांच्या संसारात त्याने कधी आवाजही चढवला नव्हता.

"ते मिनिट काढा."

"ते नाही जमणार. परीक्षण मागे घ्या, नाहीतर आहे तसं जाऊ द्या. साडेपाचला पान छपाईला सोडायचंय."

मागे घेतलं, तर श्रीनिवास कारण विचारणार. छापलं, तरी तो पाहणार. त्या मिनिटाला शेजारी तोच होता. तिने एकवीस वर्षं चाळून पाहिली. एक प्रसंग सापडेना. सापडेना, आणि तरी रेषा कडेला टेकली होती.

पण त्या रेषेमुळे चित्रपट भयंकर ठरला असता, आणि ते खोटं होतं. तिने खाली टीप जोडली: 'एकोणसाठाव्या मिनिटाला मध्यंतर होतं.'

"जाऊ द्या," ती म्हणाली.

सकाळी श्रीनिवास गॅलरीत बसून पेपर वाचत होता. रोजच्यासारखं तिचं पान त्याने आधी उघडलं. आज मात्र तो पुढे गेला नाही. रेषेवरून त्याचं बोट सावकाश वर चढलं, टिपेपाशी उतरलं. मग त्याने पेपरची नीट घडी घातली. सुनेत्रा दारात उभी होती.

"सुनेत्रा," तो नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाला, "तुला कधीपासून माहितीये?"