पर्यटकाचं खातं

जेवणाची सुट्टी संपता संपता तो बँकेत शिरला आणि बाकीची टेबलं सोडून नेमका ऋता विजयकरसमोर येऊन उभा राहिला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांना वाळलेली माती... आणि त्या मातीच्या हातात पासपोर्ट.

"नमस्कार. मी खाते उघडण्याची इच्छा बाळगतो."

ऋताने डब्याचं झाकण लावता लावता वर पाहिलं. तिचा सगळा जन्म गिरगावात गेला होता, पण इच्छा बाळगून ठाकूरद्वारच्या शाखेत आलेला माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

"बसा. नाव?"

"हेरंब भिवाजी."

"वडिलांचं नंतर विचारते. आडनाव सांगा."

"तेच आडनाव आहे. आमचे मूळपुरुष भिवाजी. कोकणातून मॉरिशसला ऊस तोडायला गेले. जहाजावरच्या कारकुनाने नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. आडनाव विचारायचं तो विसरला." तो हसला. "तेव्हापासून आम्ही सगळेच भिवाजी."

"म्हणजे मूळचे इथलेच. त्याचा काही कागद?"

"त्यांनी घेतला नाही, मॅडम. घाईत असतील."

"मग तुम्ही पर्यटक," ऋताने निकाल दिला.

त्याचा चेहरा किंचित उतरला. "मराठी पर्यटक," तो हळूच म्हणाला.

"व्हिसावर तसा रकाना नाही."

त्याचं म्हणणं सरळ होतं. कास्कावेल नावाच्या त्याच्या गावात गणपतीची मूर्ती त्याचे वडील करायचे. आता त्यांचा हात थरथरतो. यंदाची मूर्ती हेरंबने करायची, म्हणून तो परळला आनंदाकाकांच्या मूर्तिशाळेत शाडूचं काम बघायला आला होता. पण परळमध्ये चहापासून मातीपर्यंत सगळे पैसे मोबाइलवरून मागत, आणि त्याचं परदेशी कार्ड बघून टपरीवाला हात जोडत असे. परळ, लालबाग, दादर... सगळ्या शाखांनी 'पर्यटक' हा शब्द ऐकून त्याला पुढे धाडलं होतं. शेवटी कुणीतरी सांगितलं, ठाकूरद्वारला जा, तिथे एक मॅडम परिपत्रकं वाचतात.

हे मात्र खरं होतं. ऋता परिपत्रकं वाचायची, तीही आवडीने. माणसांच्या बाबतीत तिचा तेवढा उत्साह नव्हता. घरचे स्थळं आणत, तेव्हा ती समोरच्याला इतक्या थंडपणे प्रश्न विचारायची की आठवड्याभरात पत्रिका जुळत नसल्याचा निरोप येई आणि दोन्हीकडचे सुटकेचा निःश्वास टाकत.

"खातं उघडेल," ती म्हणाली. "पण सहा महिन्यांपेक्षा जास्त चालणार नाही. पैसे तुमच्या देशातून यायला हवेत. जाताना उरलेले परत नेता येतील. फक्त एक लक्षात ठेवा... इथला एक रुपयासुद्धा यात जमा होता कामा नये. झाला, तर खातं बंद करताना अडेल."

"इथलं काहीच नको?"

"काहीच नको. आणि इथला पत्ता लागेल. कुणीतरी जबाबदार माणसाने लिहून द्यायचा, की हे आमच्याकडे राहतात."

"आपण द्याल?"

"मी बँक आहे," ऋता म्हणाली. पण बोलताना तिला हसू आलं, आणि ते त्याने पाहिलं. पंचाईत तिथूनच सुरू झाली.

पत्ता आनंदाकाकांनी दिला. खातं उघडलं. त्यानंतर हेरंब दर आठवड्याला काही ना काही काढून यायला लागला. कधी पिन विसरला, कधी सही जुळेना. एकदा तर नुसताच पासबुक घेऊन आला.

"छपाईचं मशीन बंद आहे," ऋता म्हणाली.

"माहीत आहे. दारावर पाटी आहे."

"मग?"

"बरं झालं का, ते विचारायला आलो."

"मशीनची चौकशी करायला परळहून ठाकूरद्वार?"

"मशीन एकटं असतं ना..."

शेजारच्या टेबलावरची अपेक्षा खोकली. ऋताने पासबुक हातात घेतलं. त्यावर मातीचा अंगठा उमटला होता. तिने तो पुसला नाही. नंतर मात्र दिवसभर तिला स्वतःचाच राग येत राहिला.

जुलै उजाडेपर्यंत त्याची मराठी सुधारली, किंवा बिघडली म्हणा. 'इच्छा बाळगतो' गेलं आणि 'चल ना, भजी खाऊ' आलं. ती एकदा गेली. मग पुन्हा गेली. छत्री तिची असायची आणि भिजायचा तो, कारण दोघांच्या मध्ये तो सभ्यपणे भलतंच अंतर ठेवायचा. तिच्या वाडीच्या कोपऱ्यावर ती "बरं, निघते" म्हणायची, तो "हो..." म्हणायचा, आणि दोघंही तिथेच उभे असायचे. त्यापुढे गाडी सरकत नव्हती. ज्याचा मुक्कामच सहा महिन्यांचा, त्याच्यात जीव गुंतवायचा नाही, असं ऋताने ठरवून टाकलं होतं. ठरवलेलं पाळायची तिला सवय होती.

ऑगस्टमध्ये तो खातं बंद करायला आला. दोन दिवसांनी विमान होतं. ऋताने पडद्यावर खातं उघडलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"हे एकशे एक रुपये कुठून आले?"

"कुठले?"

"आनंदा परब. मोबाइलवरून जमा." तिचा आवाज चढला. "मी काय सांगितलं होतं?"

हेरंबने डोक्याला हात लावला. "काल मी पहिल्यांदा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी केली. काका म्हणाले, पहिल्या आखणीला उस्ताद शिष्याच्या हातावर शकुनाचे ठेवतो. त्यांच्याकडे सुट्टे नव्हते, तर..."

"तर खात्यावर ठेवले."

ऋताने वरच्या कार्यालयात फोन लावला. ज्याने पैसे टाकले त्याने 'परत घेतो' असं लिहून दिलं, तर नोंद उलटवता येईल, असं उत्तर आलं. शिपायाला परळला पाठवता आलं असतं. पण शाखा सुटल्यावर ऋता स्वतःच निघाली.

मूर्तिशाळेत ओळीने गणपती बसले होते. आनंदाकाका चष्मा कपाळावर चढवून स्टुलावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ठाम मान हलवली.

"शकुनाचे पैशे मागे घेतत काय कोण? माका नाय जमाचा."

"काका, नियम आहे."

"तुमचो नियम तुमच्या बँकेत. पोराक रिकाम्या हातान धाडूचा? गावचो गणपती करतलो तो."

ऋता काही बोलणार, तेवढ्यात काकांनी तिला थांबायची खूण केली. कोपऱ्यात हेरंब एका मूर्तीपुढे मांडी घालून बसला होता. तो श्वास रोखून डोळ्याची कड ओढत होता. एरवी सतत काहीतरी बडबडणारा, हसणारा तो माणूस इतका स्थिर तिने कधी पाहिला नव्हता. रेघ पुरी झाली. त्याने श्वास सोडला, मान वळवली आणि थेट तिच्याकडे पाहिलं. ऋताला तो आवडत होता. ठरवून, टाळून, आकडे मांडूनही आवडत होता, आणि परवा तो जाणार होता.

काका दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

"बरां, घेतंय मागे. पण एका अटीवर," ते म्हणाले. "त्याच्या हातार कायतरी पडूकच होया. खात्यार नको, हातार. आणि आता मी नाय ठेवूचंय. तू ठेव."

"मी? मी कोण?"

"ता माका कशाक इचारतंस?"

ऋताने पर्समधून शंभराची नोट काढली. वरचा रुपया शोधायला पर्सचे सगळे कप्पे धुंडाळले. हेरंबने तळवा पुढे केला. ओला, मातकट, गार. तिने पैसे त्यावर ठेवले आणि हात मागे घ्यायला थोडा उशीर केला. त्यानेही घाई केली नाही.

"नीट कर गणपती," ती म्हणाली. इतकंच जमलं.

दुसऱ्या दिवशी नोंद उलटली. उरलेले पैसे मॉरिशसला रवाना झाले. हेरंब समोर बसला होता, आणि ऋताच्या बोटाखाली शेवटची कळ होती. ती दाबली की हेरंब भिवाजी नावाचा माणूस या शाखेत कधी होता, हे सांगायला तिच्याकडे काही उरणार नव्हतं.

तिने दाबली.

"झालं," ती म्हणाली. "अगदी स्वच्छ. इथलं काही तुमच्याकडे नाही."

"शंभराची नोट आहे. आणि रुपया."

"ते खात्यात नाहीत."

"हो... खात्यात नाहीत." तो उठला. पासपोर्ट खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. "बरं, मग... निघतो."

"हो," ऋता म्हणाली.

तो दारापर्यंत पोचला. अपेक्षाने टेबलाखालून ऋताच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. त्याची खरं तर गरज नव्हती, ऋता उठलीच होती.

"ओ भिवाजी!"

अख्ख्या शाखेने वळून पाहिलं. आता मागे फिरायची सोय नव्हती. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मला एक माहिती हवी होती. तुमच्याकडे... पर्यटकाला खातं उघडता येतं का?"

"कुठल्या पर्यटकाला?"

"मराठी पर्यटकाला. गणपतीत माझी रजा शिल्लक आहे. दर वर्षी फुकट जाते."

हेरंबला कळायला क्षणभर लागला. मग त्याचे कान लाल झाले, आणि तो खुर्चीत बसलेल्या बँक अधिकाऱ्यासारखा गंभीर व्हायचा प्रयत्न करू लागला.

"नियम कडक आहेत, मॅडम. तिथला पत्ता लागतो. जबाबदार माणसाने लिहून द्यायचा, की ह्या आमच्याकडे राहतात."

"आहे का असा कोणी?"

"एक आहे. पण त्याला कारण सांगावं लागेल. एवढ्या लांब कशाला येता?"

ऋताने श्वास घेतला.

"तू आवडतोस म्हणून," ती म्हणाली. "चालेल का हे कारण?"

त्याने खिशातून तो रुपया काढला आणि तिच्या तळव्यावर ठेवून तिची मूठ मिटली. या वेळी दोघांच्या मध्ये अजिबात अंतर नव्हतं.

"हा तू घेऊन ये," तो म्हणाला. "आणि बाकी सामान सहाच महिन्यांच्या हिशोबाने भरू नकोस."