मांडीवरचा सांभार

“माही पोत! माही पोत गेली वं माय!”

सरस्वतीबाईंची किंकाळी ऐकून ड्रायव्हरनं एसटी बाभळीखाली उभी केली. कंडक्टर छायाताईंनी दार लावलं आणि त्यालाच पाठ टेकून उभ्या राहिल्या.

“पोलीस येईपर्यंत कोणी उतरायचं नाही.”

बीबीचा आठवडी बाजार करून देऊळगाव राजाला निघालेली गाडी. आत एकतीस माणसं आणि एक कोंबडी. दुपारचे दोन. टप तापलेला, खिडक्यांना गज. कोंबडी तेवढी शांत होती. तिला कोंडून घ्यायची सवय होती.

सोन्याची पोत रुमालात बांधून पिशवीत ठेवलेली. बीबीहून गाडी सुटली तेव्हा होती. मध्ये गाडी कुठंच थांबली नव्हती.

म्हणजे पोत आत होती. चोरही.

पिशव्या उलट्या झाल्या, खिसे तपासले. काही निघालं नाही. बाईंच्या शेजारी भागवत नावाचा, सदरा घातलेला माणूस बसला होता. पण लोकांनी मागच्या सीटवरच्या फकीर मोहम्मदकडे पाहायला सुरुवात केली. हा कल्हईवाला. त्याची झडती तीनदा झाली.

“गावंच्या गावं मले भांडे देऊन देतेत,” तो म्हणाला. “चिठ्ठी नाही, पावती नाही. आज चोर म्हनून उतरलो, तर उद्या वाटी तरी देईन का कोनी?”

शेजारचे दोघं त्याच्यापासून सरकून बसले. घाम मात्र सगळ्यांना सारखाच येत होता.

खिडकीपाशी उकंडराव बसले होते. तीस वर्षं सरकारी पाहणीत गावोगाव पीकपाणी विचारत फिरलेले. निवृत्त झाले, सवय गेली नाही. गाडी थांबली की बाहेर बघून त्या गावाचं कसं चाललंय ते ठरवायचे. आज बीबीच्या स्टँडवर एक कप चहा दोघं वाटून पीत होते. भजीवाल्याची कढई थंड. आणि फाटकाशी फेकलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, तीन शेळ्या हुंगत होत्या. एकीनं तर तोंड फिरवलं होतं.

ते उठले. “ताई, लोकायले एक सवाल पुसू का?”

“पुसा. तसंबी कुठं जाऊन राह्यलो आपन?”

“सरस्वतीबाई, बाजार कसा झाला?”

“आग लागो त्या बाजाराले! वांगे वापस आनले.”

“जयमालाबाई, तुमचा?” त्यांनी पुढच्या सीटवरच्या बाईंना विचारलं.

“मातीमोल, काका.”

“तुमचा हो?”

“कोंबडी दिसून राह्यली ना संगं?” कोंबडीवाला म्हणाला.

“भागवतराव, तुमचा?”

“एक नंबर!” भागवत हसला. मांडीवर सांभाराची जाड जुडी होती. “घरचाच माल. हातोहात गेला. एवढी एकच राह्यली.”

उकंडरावांनी चष्मा पुसला. “ताई, ते जुडी सोडून पाहा.”

भागवत उठला. पुढे छायाताई, मागे गर्दी, बाजूला गज. कोंबडी पहिल्यांदा ओरडली.

सुतळी सुटली. मुळांच्या मधून रुमाल पडला. रुमालात पोत.

अर्ध्या तासानं पोलीस आले. हवालदारानं विचारलं, “काका, समजलं कसं?”

“तीस वर्षांत एकाबी शेतकऱ्यानं मले ‘चांगलं झालं’ म्हनलं नाही. झालं असलं तरी नाही. नजर लागते, अन् शेजारी उसनं मागाले येतो. म्हनून मी इचारनं सोडलं, पाहाले लागलो. हा गडी म्हने एक नंबर. म्हनजे शेतकरी नाही. अन् सांभार हातोहात गेला म्हने. तिकडं शेळ्या त्याले तोंड लावत नव्हत्या. मंग फुकटबी न पुसल्या जानारी जुडी हा लेकरासारखी मांडीवर काऊन घेते? पिशव्या उलट्या केल्या तवा जुडी तेवढी कोनी सोडली नाही.”

भागवतला खाली उतरवलं. बाकीचे खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

सरस्वतीबाई मागे वळल्या. “फकीरभाऊ, माह्या घरी चार पातेले हायेत कल्हईचे. घेऊन जाता का?”

“येतो, बाई.”

“धंदा कसा हाये, भाऊ?” उकंडरावांनी विचारलं.

फकीर मोहम्मदनं उलटी झालेली पिशवी भरता भरता सुस्कारा सोडला. “काय सांगू, साहेब. लई मंदा.”

उकंडरावांनी समाधानानं मान हलवली. माणूस इमानदार होता.