जमिनीवर बांधलेला दोर

ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. मी तिथे होते. कुऱ्हाड माझ्याच हातात होती. पटत नसेल तर इथेच सोडून द्या.

आमच्या बेटावरचं होर्ता बंदर. ऑगस्टमधली धुकट दुपार.

जेवणाच्या सुट्टीसाठी आमचं देवमाशांच्या शिकारीचं संग्रहालय बंद होतं. आत मी आणि माझा धाकटा भाऊ एव्हारिस्टो, दोघंच.

आमचे आजोबा नावेच्या टोकावरून देवमाशाला भाला मारायचे. त्या लोकांची एक रीत होती. नाव जमिनीवर असताना भाल्याला दोर बांधायचा नाही.

एव्हारिस्टोने बांधला. संध्याकाळी पाहुण्यांना शिकार करून दाखवायची होती, त्याची तालीम म्हणे.

"सोड तो दोर," मी म्हणाले. "आजोबांनी कान उपटले असते तुझे."

"ताई, आजोबा गेले, शिकार बंद झाली. आता घाबरायचं कुणाला?"

संग्रहालयात मांडलेल्या जुन्या नावेत उभं राहून त्याने समोर ठेवलेल्या देवमाशाच्या कवटीवर भाला फेकला. नको तिथे हौस, दुसरं काय. भाला हाडाच्या फटीत रुतला.

मी त्याला झापणार, तेवढ्यात...

नावेतल्या पिंपात गुंडाळून ठेवलेला दोर हलला.

एक वेढा सुटला. मग सरसर सुटतच गेला. दोर ज्यावरून सोडतात तो नावेचा खुंटा घासून धूर यायला लागला.

कवटी जागची हलली नव्हती. भाला मात्र दांड्यासकट फटीत गेला होता... आणि मागून दोर.

वेढा एव्हारिस्टोच्या पायात अडकला. तो नावेतून खाली आपटला. फरशीला नखं रोवत, फरफटत चालला.

"ताई, तोड!"

माणूस अडकला तर दोर तोडायला नावेत कुऱ्हाड असते. मी घाव घातला. पण पाहुण्यांना लागू नये म्हणून तिची धार आम्हीच घालवली होती. मी वेड्यासारखी घाव घालत राहिले. त्याचं पाऊल फटीत गेलं. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

मग... चावल्याचा आवाज.

शेवटी दोर तुटला. भाऊ राहिला, पाऊल गेलं.

पोलिसांनी कवटी आतून-बाहेरून बघितली. फट जेमतेम बोटभर होती. आत ना भाला, ना दोर, ना पाऊल.

जीव वाचला हेच नशीब, असं सगळे म्हणतात. मीही तेच म्हणत होते.

आज सकाळी त्याची चादर बदलत होते. उरलेल्या पायाच्या घोट्याभोवती दोराचा वळ होता.

ताजा... आणि ओला.



"काय गं ताई?" तो झोपेत पुटपुटला.

"काही नाही रे," म्हणत मी पाय झाकला.