पेर्ला कुणासमोर बसते

सकाळी पोलीस चौकीतल्या कुत्र्यांचे पिंजरे धुऊन झाले की शिपाई क्रिसांतो आधी पेर्लाला भात घालायचा, मग बाग्सिकला. पेर्ला म्हातारी लॅब्राडोर, डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडलेली. जन्मात तिला एकच काम शिकवलेलं. मेलेलं माणूस शोधायचं आणि सापडलं की न भुंकता खाली बसायचं. बाग्सिक तरणाबांड, दोन्ही कामांचा. अंगावर साज चढवला की तोही मढं हुंगून तसाच खाली बसायचा. गळ्यात कातडी पट्टा घातला की पळालेल्या माणसाचा माग काढून दंड धरायचा.

"दोन कामं करणारा आलाय, मग हिला कशाला पोसायचं?" सार्जंट आबेलार्दो म्हणायचा.

क्रिसांतो त्याला थोरल्या भावासारखं मनोंग म्हणे. "बाग्सिक चुकला तर कुठल्या कामात चुकला ते कळत नाही, मनोंग. हिचं तसं नाही."

फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावर तेव्हा ऊसतोड चालू होती. रेनांते नावाच्या एका तोडकऱ्याने मुकादमावर कोयता उगारला आणि उसात पळाला. मुकादम वाचला. पुढे काही दिवसांनी रेनांते ओढ्याकडच्या फडात दिसल्याची खबर आली. क्रिसांतोने बाग्सिकच्या गळ्यात कातडी पट्टा घातला आणि दोघं उसात शिरले.

आत वारा नव्हता. पाती हातांना कापत होती. बाग्सिक दोरी ताणत पुढे चालला होता, क्रिसांतोने त्याला सोडलं. आता किंकाळी ऐकू येईल म्हणून तो थांबला. काहीच ऐकू आलं नाही.

पुढे ऊस जरा मोकळा होता. तिथे रेनांते उभा होता, आणि बाग्सिक त्याच्यासमोर खाली बसला होता. गप्प, कान पाडून.

"धर," क्रिसांतो म्हणाला. पुन्हा म्हणाला. कुत्रं हललं नाही.

"चावत नाही का तो?" रेनांतेने विचारलं.

बेड्या घालताना त्याची मनगटं गार लागली. एवढ्या उकाड्यात त्याच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. त्याने पाणी मागितलं आणि अख्खी बाटली संपवली.

"घोटाळा झाला त्याचा," सगळं ऐकून सार्जंट हसला. "दोन धंदे शिकवल्यावर असंच व्हायचं. उद्या मढ्याला चावेल."

क्रिसांतोलाही ते पटलं. पटल्यावर बरं वाटलं.

रेनांतेला चौकीच्या अंगणातून नेत होते तेव्हा फणसाखाली झोपलेल्या पेर्लाने मान वर केली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. दुखऱ्या कमरेने ती उठली, वास घेत आली आणि रेनांतेसमोर बसली.

सार्जंटचं हसू मावळलं. "म्हातारी झालीय," तो म्हणाला.

"तिला दुसरं काही येतच नाही, मनोंग."

दुसऱ्या दिवशी क्रिसांतो पेर्लाला त्याच जागी घेऊन गेला. रेनांते उभा होता तिथून जवळच पाटाचा चर होता. त्यातल्या पाचटाच्या ढिगाशी ती बसली.

पाचटाखाली माणूस होता. बऱ्याच दिवसांचा. अंगात हिरवी जर्सी, रेनांतेच्या अंगात होती तशीच.

"अशा जर्सी गावात ढिगाने आहेत," सार्जंट म्हणाला. तरी खात्रीसाठी त्याने रेनांतेच्या आईला, पुरिसिमाला, प्रेत ओळखायला बोलावलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. तिने डावा पाय पाहिला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

"माझाच," ती म्हणाली. तिने पाणी आणि फडकं मागून घेतलं आणि त्याला स्वतः धुतलं.

क्रिसांतो चौकीत परतला. कोठडीत रेनांते अनवाणी बसला होता. बघायचं नव्हतं, तरी क्रिसांतोची नजर पायाकडे गेली. करंगळी बोटावर चढलेली होती.

"सोडायचं का त्याला, मनोंग?"

"कुणाला सोडू?" सार्जंटचा आवाज खाली गेला होता. "मेलेल्याला कोंडून ठेवलंय म्हणून वर कळवू, की जिवंताला पुरायला दिलंय म्हणून?"



दुपारी पुरिसिमा भात आणि सुका मासा घेऊन आली. बाह्या अजून ओल्या होत्या. क्रिसांतो दारात आडवा आला.

"नानाय," आईला म्हणावं तसं तो म्हणाला, "तुम्ही आज सकाळीच तर..."

"हळू बोल, बाळा," ती म्हणाली. "त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही."

तो बाजूला झाला. दुसरं काय करणार होता?

ती गजांशी बसून मासा सोडवू लागली. "जेव, तोतो," लहान पोराला म्हणावं तसं म्हणाली. रेनांतेने निमूट चार घास खाल्ले, हात पुसला आणि क्रिसांतोकडे पाहिलं.

"तुमचा तो कुत्रा पुन्हा आणता का?"

"कशाला?"

"त्या दिवशी चावलाच नाही. दुखतं का ते बघायचंय."

त्याने दंडापर्यंत हात गजांबाहेर काढला आणि तसाच धरून ठेवला. क्रिसांतो उभा राहिला. त्याला जाताही येईना, नाहीही म्हणता येईना.

थोड्या वेळाने त्या हातावर माशा बसू लागल्या. पुरिसिमा एका हाताने काटे काढत होती आणि दुसऱ्या हाताने माशा वारत होती.