पावसात वाढणारी घरगाडी

"मोठी गाडी! टोल मोठ्या गाडीचा, रांगही मोठ्या गाड्यांची!" गुनलाइफकाका हातातली दोरी नाचवत ओरडले.

पप्पांचा चेहरा पडला. "अहो, मंगळवारी तुम्हीच हिला लहान म्हणालात! याच धक्क्यावर!"

"मंगळवारी होती लहान. आज मोठी आहे."

"तीन दिवसांत गाडी वाढली? हे बघा, कागदांवर लिहिलंय, सहा मीटरच्या आत!"

"कागद कोरड्या ऑफिसात बसून लिहितात. मी दोरीचं ऐकतो," गुनलाइफकाका म्हणाले आणि टोपीवरचं पाणी झटकून पुढे गेले.

दोरीला दोन गाठी होत्या. गाठींच्या आत मावेल ती गाडी लहान. जी मावणार नाही तिला टोल दुप्पट, शिवाय लहान गाड्या चढल्यावर जागा उरली तरच बोटीत प्रवेश. मोठ्यांच्या रांगेत आधीच दोन ट्रक आणि एका हिरमुसलेल्या डच कुटुंबाची घरगाडी उभी होती. आणि ही आजची शेवटची बोट! पलीकडच्या बेटावर आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस होता, आणि बदामाच्या कड्यांचा अठरा मजली केक इथे पप्पांच्या घरगाडीत, तूवाच्या मांडीवर.

"केक नसेल तर आजोबा ऐंशीचे व्हायला नकार देतील," तूवा म्हणाली. ती पप्पांच्या मुलांची, एल्ड्रिड आणि ब्रागेची, चुलत बहीण. आजोबांना तिच्याइतकं कुणीच ओळखत नव्हतं.

एल्ड्रिड डच मुलांशी बोलून धावत परत आली. "त्यांची गाडीपण मंगळवारी लहान होती! त्या दिवशी ऊन होतं. आज पाऊस आहे."

"म्हणजे गाड्या पावसात वाढतात?" दहा वर्षांच्या ब्रागेने विचारलं.

"अरे मठ्ठा, तसं असतं तर आपल्या गावातल्या सायकलींच्या एव्हाना बस झाल्या असत्या!"

"मग काय वाढतं?"

"काहीच वाढत नसेल तर?" एल्ड्रिड एकदम थांबली. "ब्रागे, गेल्या वर्षी तुझ्यावर तंबू कोसळला तो कशाने?"

"आठवण नको काढूस! पावसाने दोऱ्या आखडल्या, खुंट्या उपटल्या, आणि मी..."

"दोऱ्या आखडल्या!" दोघी बहिणी एकदम किंचाळल्या. केक जरासा डुलला.

पण सिद्ध कसं करायचं? पप्पांची मोजपट्टी मंगळवारच्या फेरीत बेटावर राहिली होती.

"ब्रागे, शाळेतल्या नर्सबाईंनी सुट्टी लागताना तुझी उंची किती सांगितली?"

"दीड मीटर. का?" ब्रागेच्या आवाजात शंका होती, आणि ती रास्तच होती.

पुढच्याच मिनिटाला तो रेनकोट घालून ओल्या धक्क्यावर आडवा पडला होता. डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड. मग पुढे सरकून पुन्हा आडवा. "चार ब्रागे म्हणजे सहा मीटर!" एल्ड्रिडने जाहीर केलं. घरगाडी चार ब्रागेंच्या आत आरामात मावली. काकांची दोरी मात्र साडेतीन ब्रागे आणि थोड्या पोटऱ्या एवढीच भरली.

"पोरगं म्हणजे काही सरकारी माप नव्हे!" गुनलाइफकाका गरजले. "या दोरीने माझ्या वडिलांनी घोडागाड्या मोजल्या. एका घोड्याने तक्रार केली नाही!"

"काका, दुसरी दोरी आहे का हो?" एल्ड्रिडने विचारलं.

"आहे की. त्याच वेटोळ्यातली. दुकानात टांगलीय, पडद्यासाठी."

तूवाने तव्यावरच्या गरम स्वेल्यांचा, म्हणजे जाडसर गोड धिरड्यांचा, वास ओलांडून दोरी आणली. मोठाच मोह होता तो! दोरी खडखडीत कोरडी. तिच्यावर बरोबर चार ब्रागेंच्या अंतराने दोन गाठी मारल्या. मग एल्ड्रिडने तिला दगड बांधून समुद्रात बुचकळलं. बोट धक्क्याला लागली. लहान गाड्या चढू लागल्या. "लवकर आखड ना गं!" तूवा दोरीला विनवत होती. बाहेर काढून मोजली, तर एका बुटाएवढी कमी!

बोटीवरून कॅप्टन हिल्दुर उतरल्या. त्या गुनलाइफकाकांची थोरली बहीण. "गुन्ल्या, हे पोरगं इथे का लोळतंय?"

एल्ड्रिडने सगळं सांगितलं. कॅप्टनबाईंनी दोन्ही दोऱ्या पाहिल्या, मग भावाकडे पाहिलं. ओल्या दोरीपेक्षा तोच जास्त आखडलेला होता.

"या उन्हाळ्यात किती दिवस पाऊस होता, गुन्ल्या?"

"मंगळवार सोडून सगळे."

"म्हणजे मंगळवार सोडून सगळ्यांना टोल परत!" त्या गरजल्या. "दोन्ही घरगाड्या लहानांच्या रांगेत घ्या! शाब्बास, पोरांनो! माझ्या दोन खलाशांना मिळून एवढी अक्कल नाही."

अठरा मजल्यांपैकी सतरा मजले सुखरूप बेटावर पोचले. अठराव्याबद्दल ब्रागेला काहीच आठवत नव्हतं. सगळी हकिगत ऐकून आजोबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या ऐंशी वर्षांत एवढी हुशार शोधमोहीम पाहिली नाही!" आणि मग ते रीतसर ऐंशीचे झाले.

लोखंडी पट्टी शहरातून यायला आठवडा लागणार होता. तोवर कॅप्टनबाईंनी ब्रागेला धक्क्यावर अधिकृत माप म्हणून नेमलं. पगार: हवे तेवढे स्वेले. अट एकच, सुट्टी संपेपर्यंत वाढायचं नाही.

ब्रागेने शब्द पाळला. तो लांबीला जराही वाढला नाही. रुंदीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.