चौकटीची बाहेरची कड

लाईट गेलीय तर बसा गप्प. त्या खाचा पाडायच्या मशीनला वीज लागते, माझ्या तोंडाला नाही. हसतोस काय रे, अंधारात नुसते दात दिसतायत तुझे.

बर्नाबेची गोष्ट सांगतो. हो, तोच, वरच्या आळीतला दारं बसवणारा. ऐकीव नाही, त्याने स्वतः मला सांगितलेली. त्याचा पोरगा जेरिक माझा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला मीच हातात धरला होता त्याला.

आधी बापाच्या हाताखाली दारं बसवायचा, मग जहाजावर गेला. मार्चमध्ये फोन आला. रात्री डेकवरून पडला, सापडला नाही. त्याच आठवड्यात घराचं दार वाळवीने खाल्लं म्हणून बर्नाबेने काढून टाकलं होतं. नवं करून झालं, पण त्याची बायको ओर्सिंग ते बसवू देईना. "दार लावलंस तर माझा पोर येणार कुठून?" तेव्हापासून नुसती उघडी चौकट. कुत्री शिरायची, पाऊस शिरायचा. बर्नाबे रडलाही नाही. लोकांची दारं बसवत राहिला, वाढलं की जेवायचा.

मग एक नोव्हेंबर आला, मेलेल्यांचा सण. सगळं बेतिस गाव कबरस्तानात. मेणबत्त्या, पानातला चिकट भात, पत्त्यांचे डाव. ह्या दोघांना जायला कबरच नाही. दुपारी बर्नाबे बिजागऱ्या आणायला निघाला. दुकानदार शटर ओढत होता.

"आजच्या दिवशी कोण दार बसवतं, म्हाताऱ्या?"

"वादळ येतंय म्हणतात," हा म्हणाला, आणि पितळेच्या तीन बिजागऱ्या घेऊन आला.

घरी ओर्सिंग वाटच अडवून उभी. "बसवायचं नाही."

"बसवत नाही. दाराला खाचा तेवढ्या पाडतो. चौकटीला हात लावणार नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

रात्री अकराच्या सुमाराला तो घरात चौकटीकडे पाठ करून बसला, दार आडवं करून. पटाशीने कडा मारल्या. मग बिजागरीचा तो वीतभर रंधा घेतला. तुम्ही कुठे बघितलाय! पातं तळाखाली उतरवायचं ते बिजागरीच्या पत्र्याएवढंच. खाच खोल गेली की दार अडलंच म्हणून समजा. खर्र... खर्र... तिन्ही खाचा झाल्या. बिजागरी ठेवून बघितली, नखाला कड लागत नव्हती. रंधा मागे उंबऱ्यावर ठेवला आणि तसाच बसून राहिला.

आतून ओर्सिंग म्हणाली, "बस कर ना आता. डोकं उठलंय त्या आवाजाने."

बर्नाबेने हात बघितले. मांडीवर होते. रिकामे.

खर्र...

मागे. चौकटीपाशी.

खर्र... थांबला. फुंकर मारल्याचा आवाज आला. खाचेतला भुसा उडवतात ना, तशी. पुन्हा खर्र...

मी विचारलं त्याला, "वळून नाही बघितलंस?"

"नाही."

"भ्यालास?"

"भीती वाटली असती तर बरं झालं असतं रे. काहीच वाटलं नाही. वाटलं, पोरगं काम करतंय, करू दे."

"बोललासुद्धा नाहीस?"

मग म्हणाला, "एकदा बोललो. 'खोल जाऊ देऊ नकोस.' एवढंच."

मग आवाज थांबला.

बस्स.

पहाटे ओर्सिंग उठली आणि किंचाळलीच. चौकटीत तीन खाचा. "मेल्या, शप्पथ घेतली होतीस!"

"मी नाही," बर्नाबे म्हणाला. बिजागरी ठेवून बघितली. तंतोतंत बसली.

मग तिला दिसलं. आपल्याकडे दारं आत उघडतात, खाचा चौकटीच्या आतल्या कडेला असतात. ह्या बाहेरच्या कडेला होत्या. तिथे खाच पाडायची तर बाहेर पायरीवर उभं राहावं लागतं.

ती खालीच बसली. "उघडंच होतं की रे... इतके महिने उघडंच ठेवलं होतं मी. मग आत का नाही आला?"

त्याच सकाळी, "त्यानेच पाडल्यात तर लाव आता," म्हणत तिने स्वतः दार धरलं आणि बर्नाबेने स्क्रू पिळले. ते दार आजही बाहेर उघडतं.

दाराचे छिलके बर्नाबेने झाडून टाकले, चौकटीचे मात्र तिने कुणाला झाडू दिले नाहीत. मी गेलो तेव्हा तसेच होते. सगळे पायरीवर. उंबऱ्याच्या आत... एकही नव्हता.